डिचोली-पेडण्यात एक जुनं यंत्र शोधताना

अर्थशास्त्राच्या वर्गात गेली वीस वर्षं मी 'घसारा' शिकवतो आहे. यंत्र विकत घेतलं की त्या दिवसापासून त्याची किंमत उतरू लागते, हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं आहे की आता खडूच ते आपोआप लिहितो. पण स्वतःच्या खिशातले पैसे घालून यंत्र घ्यायची वेळ आली ती पंचेचाळिशी ओलांडल्यावर. आणि यंत्र तरी कसलं? माती उकरायचं! स्टाफरूममध्ये बातमी फुटली तेव्हा एका सहकाऱ्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सर, विषय बदलला की काय?"

त्याचं असं झालं. जांबोटीच्या पुढे आमची वडिलार्जित तीन एकर जमीन आहे. वडील होते तोवर बांध शाबूत होते. ते गेल्यावर दर पावसाळ्यात एकेक बांध ढासळत गेला आणि ओढ्याकाठची विहीर गाळानं अर्धी भरली. पूर्वी अशा कामाला कुदळ-फावडं घेऊन दहा माणसं उभी राहायची. आता माणूस मिळत नाही, मिळाला तर मातीच्या कामाला तयार होत नाही. जेसीबी बोलवावा तर आत जायला वाट नाही.

तिकडे पेडण्याला, म्हणजे माझ्या आजोळी, मामेभावाची अडचण याहून मोठी. चांदेल-इब्रामपूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं कुळागर आहे. पोफळी, नारळ, झाडांवर चढवलेली मिरी, मधूनमधून केळी. डोंगरातल्या झरीचं पाणी पाटानं सगळ्या बागेत फिरतं. ते पाट बुजत चालले होते. एके रात्री त्याचा फोन आला. "दादा, दोघं मिळून एक सेकंडहँड मिनी पोकलेन घेऊया. आपापली कामं करून घेऊ, उरलेल्या दिवसांत भाड्यानं देऊ. महिन्याला वीसेक हजार सुटले तरी पुष्कळ झाले."

माझ्याकडे पैसे होते, पण ते मोकळे नव्हते. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली पाच लाखांची ठेव होती. ती लागायला अजून चार वर्षं होती. सौ.ला विचारलं. तिचं माहेर रामदुर्गचं, हिशेबात माझ्यापेक्षा पक्की. ती एवढंच म्हणाली, "यंत्र बघायला मीही येणार. ठेवीवर दोघांचं नाव आहे."

ज्या वाचकांचा या जगाशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपण सरसकट 'जेसीबी' म्हणतो ते चाकांचं, पुढे मोठं सुपडं आणि मागे खोदायचा हात असलेलं यंत्र. जेसीबी ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरं. साखळीवर चालणारं आणि कमरेत गर्रकन फिरणारं ते 'पोकलेन'. हेही मुळात एका फ्रेंच कंपनीचंच नाव. 'डालडा', 'झेरॉक्स' यांच्यासारखी ही नावं आपल्याकडे सामान्यनामं होऊन बसली. खाणीवरचा पोकलेन वीस टनांचा किंवा त्याहूनही भारी असतो. त्याचंच तीनेक टनांचं धाकटं भावंड म्हणजे मिनी पोकलेन. रुंदी जेमतेम पाच फूट, खणतो आठ-नऊ फूट, तासाला साडेतीन-चार लिटर डिझेल पितो. पोफळीच्या दोन झाडांत साधारण नऊ फुटांचं अंतर ठेवतात. पाच फुटांचं यंत्र त्यातून जातं, जेसीबी काही जाऊ शकत नाही. मामेभावाचं सगळं गणित या चार फुटांच्या मोकळ्या जागेवर उभं होतं.

चोर्ल्यातून खाली

2023 च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. बेळगावकरांना गोवा म्हटलं की समुद्र आठवतो. आम्ही मात्र समुद्राकडे पाठ फिरवल्यासारखे यंत्र बघायला चाललो होतो. डब्यात जोळद रोट्टी आणि शेंगाचटणी, माझ्या पिशवीत वही, टॉर्च आणि सवयीनं पडलेले दोन खडू.

जांबोटी मागे पडलं की जंगल दाट होतं. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ गाडी थांबवली. इथे मलप्रभेचा उगम. इथेच कळसा कालव्याची खोदाईही दिसते. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा यांचं वर्षानुवर्षं चाललेलं भांडण सर्वांना ठाऊक आहे. त्यात मी पडत नाही. आपल्या वाचकांची एक सासुरवाडी इकडे तर दुसरी तिकडे! पण त्या दिवशी मनात आलं, माती कुणी, कुठे आणि किती उकरायची हा प्रश्न एका कुटुंबाचाही असतो आणि दोन राज्यांचाही असतो. आपण मात्र तो शेजाऱ्यापुरताच विचारतो.

चोर्ला घाट उतरून केरी, मग साखळी. उजवी-डावीकडे भातं कापून झालेली, हवेत पेंढ्याचा वास. साखळीहून डिचोलीकडे वळलो आणि मातीचा रंग बदलला. लाल तर कोकणची माती असतेच, पण ही वेगळी, गंजलेल्या पत्र्यासारखी.

थांबलेल्या खाणींचा तालुका

डिचोली तालुका म्हणजे गोव्याच्या खाणपट्ट्याचं एक मुख्य अंग. इथलं लोहखनिज ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यांवर जायचं, तिथून बार्जमधून मुरगाव बंदराकडे आणि मग बोटीनं परदेशी. 1950 च्या दशकापासून जपानच्या पोलाद कारखान्यांनी गोव्याचं खनिज मोठ्या प्रमाणावर घेतलं. लहानपणी आजोळी जाताना या रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली आठवते. आई पदरानं नाक झाकून घ्यायची आणि आमच्या पांढऱ्या शर्टांची चिंता करायची.

ती रांग दोनदा तुटली. न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर 10 सप्टेंबर 2012 ला राज्य सरकारनं खाणकाम थांबवलं. पुढे काही काळ ते मर्यादेत सुरू झालं. मग 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द ठरवलं आणि 15 मार्चनंतर उत्खनन बंद पडलं. नव्या पद्धतीनं लिलाव 2022 च्या अखेरीस सुरू झाले आणि लिलावातला डिचोलीचा पट्टा 2024 मध्ये चालू झाला. आम्ही गेलो तेव्हा मात्र तालुका थांबलेलाच होता.

थांबलेला तालुका कसा दिसतो? शिरगाव, म्हणजे लईराईच्या जत्रेचं गाव. त्या बाजूला पायऱ्या-पायऱ्यांनी खोदलेल्या जुन्या खाणी आणि तळाशी साठलेलं हिरवट पाणी. रस्त्याकडेला घरांच्या अंगणात टिपर ट्रक, टायरांत बसलेले, हौद्यात गवत उगवलेलं. एकेका ट्रकामागे बँकेचं एकेक कर्ज असणार. मी मुलांना 'भांडवल अडकून पडणे' म्हणजे काय हे शिकवताना कारखान्याचं उदाहरण देतो. यापुढे त्या अंगणातल्या ट्रकाचं देईन.

मामेभावाला कुणीतरी सांगितलं होतं की खाणी बंद झाल्यामुळे डिचोलीत यंत्रं मातीमोल मिळतात. हा भ्रम तिथे पोहोचताच गेला. खाणीवरची यंत्रं अवाढव्य, ती आपल्या काय कामाची? विकण्यासारखी होती त्यातली बरीचशी केव्हाच दुसऱ्या राज्यांत गेली होती. मिनी पोकलेनचा खाणीशी संबंधच नाही. तो येतो पाइपलाइन, गटारं, बागा आणि बंगल्यांच्या कामावरून. तरी एका यार्डात एक दिसला. नवा कोरा रंग, सीटवर प्लॅस्टिक, मीटरवर फक्त 1,900 तास. मागणी साडेआठ लाख. मामेभाऊ हरखला. मीही मनातल्या मनात विहिरीचा गाळ काढू लागलो.

सौ. कुठे दिसेना. पाहतो तो ती शेजारच्या झाडाखाली एका पोराशी बोलत उभी. वीस-बावीस वर्षांचा, हातावर ग्रीस. तो दुसऱ्याच कुणाच्या यंत्रावर ऑपरेटर होता, सुट्या भागासाठी आला होता. त्याच्या फोनवर कानडी गाणं लागलं होतं म्हणून हिनं विचारलं होतं, "याव ऊर, तम्मा?" तो निघाला रामदुर्ग तालुक्यातलाच. मग काय! दोन गावं, एक शाळा आणि एक यल्लम्माची जत्रा निघाल्यावर हिनं हळूच विचारलं, "ई मशीन ह्यांग ऐति?"

पोरानं आधी यार्डाच्या ऑफिसकडे बघितलं आणि मग तोंड न उघडल्यासारखं करून म्हणाला, "ब्याडरी अक्का. मळ्याग नीराग निंतित्त."

नको, अक्का. पावसाळ्यात हे पाण्यात उभं होतं.

नदीकाठच्या कुठल्याशा कामावर पूर आला आणि यंत्र दोन दिवस बुडालं, असं त्याच्या कानावर होतं. खरंखोटं करायची युक्तीही त्यानंच सांगितली. हायड्रॉलिक तेलाच्या टाकीचा तळाचा नट सैल करायला सांगा, तेलात पाणी असलं तर ते ताकासारखं पांढरट दिसेल. मालकाला विचारलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "नवं तेल घातलंय, उगाच कशाला सांडायचं?" नट उघडायला तो शेवटपर्यंत तयार झाला नाही. आम्हाला उत्तर मिळालं. यंत्र बुडालेलं होतं की नव्हतं हे देव जाणे, पण जो पेलाभर तेल दाखवत नाही त्याच्याकडून साडेआठ लाखांची वस्तू कशी घ्यायची?

परतताना मामेभाऊ बराच वेळ गप्प होता. गोव्यात रस्ते, गटारं, पाया-भराव यांवर राबणारे कितीतरी हात उत्तर कर्नाटकातले आहेत. त्यांना तिथे कुठल्या शब्दानं हाक मारतात हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आजोळी मीही तो शब्द ऐकत लहानाचा मोठा झालो आणि कधी कुणाला अडवलं नाही. त्या दिवशी त्या पोराचे चार कानडी शब्द आमच्या मुलीची ठेव वाचवून गेले.

कोलवाळचा पूल ओलांडल्यावर

डिचोलीहून अस्नोड्यावरून कोलवाळला यायचं, शापोराचा पूल ओलांडला की पेडणे तालुका लागतो. डिचोली आणि पेडणे हे दोन्ही तालुके गोव्याच्या 'नव्या काबिजादीं'तले. पोर्तुगीजांच्या हाती ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले. त्याआधी इथे सावंतवाडीच्या भोसल्यांचा अंमल. म्हणूनच इथली बोली, देवळं, सोयरिकी अजूनही सावंतवाडी-बांद्याकडे ओढ घेतात.

माझ्या लहानपणी पेडणे म्हणजे गोव्याचा झोपलेला कोपरा. आता तसं म्हणता येत नाही. मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला. 13 नोव्हेंबर 2016 ला त्याची पायाभरणी झाली, 11 डिसेंबर 2022 ला उद्घाटन झालं आणि मनोहर पर्रीकरांचं नाव त्याला मिळालं. आम्ही गेलो तेव्हा धारगळहून विमानतळाकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचं काम चालू होतं. तालुकाभर जमिनीचे फलक. जिथे नाचणी-वरी पिकायची त्या उतारांवर 'सी व्ह्यू', 'व्हॅली व्ह्यू'. एके ठिकाणी तर ज्या डोंगराचा देखावा म्हणून जाहिरात होती तोच डोंगर अर्धा कापलेला!

दुसरं यंत्र पेडणे शहराजवळ एका छोट्या कंत्राटदाराकडे होतं. रंग उडालेला, सीट फाटलेली, मीटरवर 4,200 तास. पण मालकानं स्वतःहून सांगितलं, "स्प्रॉकेटचे दात झिजलेत, बकेटच्या पिना ढिल्या आहेत, रबरी चेन एक पावसाळा काढील. इंजिन मात्र हात लावलेलं नाही." मग आम्ही सकाळी परत येऊन, इंजिन थंड असताना, सगळं तपासलं. वाचकांच्या उपयोगासाठी थोडक्यात लिहितो.

थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुरू व्हायला हवं. सुरुवातीला थोडा धूर चालतो, पण निळा धूर सतत येत राहिला तर ऑइल जळतंय असं समजावं. बूम आणि आर्म यांवर वेल्डिंगची शिवण आहे का ते टॉर्चनं बघावं, नवा रंग फक्त तिथेच असेल तर जास्तच बघावं. बकेट जमिनीला टेकवून यंत्र किंचित उचलावं आणि कमरेत खडखड होते का ते ऐकावं. दोन्ही चेनवर सरळ चालवून बघावं, एका बाजूला ओढत असेल तर मोटर थकलेली असू शकते. माझे खडूही कामाला आले. बूम वर उचलून इंजिन बंद केलं, सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर खूण केली आणि दहा मिनिटं थांबलो. खूण जागची हलली नाही. म्हणजे आतली सील धड होती.

कागदांचं महत्त्व याहून मोठं. चेनवरच्या यंत्राला सहसा मोटारीसारखं आरटीओचं पुस्तक नसतं. त्यामुळे मूळ खरेदीचं बिल हाच मालकीचा आधार. बिलावरचा चेसिस आणि इंजिन नंबर यंत्रावरच्या पट्टीशी जुळवला. आधीचं कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला मागितला, तो मिळाला. मागणी अकरा लाखांची होती, व्यवहार नऊ लाख सत्तर हजारांना ठरला. पेडण्याच्या भगवतीच्या देवळात गेलो, दारातल्या दोन काळ्या दगडी हत्तींपाशी उभं राहून मामेभावानं इसाराची रक्कम मोजली. स्प्रॉकेट, पिना आणि नवी चेन मिळून आणखी एक लाख गेले. झिजलेलं यंत्र आपण घेतलं, पण झीज आपल्याला ठाऊक होती.

पहिलंच गिऱ्हाईक

यंत्र कुळागराच्या फाटकाशी उतरलं त्या संध्याकाळीच पहिलं गिऱ्हाईक दारात आलं. गाडीतून दोन माणसं उतरली. वरच्या उतारावर प्लॉट पाडायचे होते, आतला रस्ता आणि चार सपाट टप्पे. दोनशे तासांचं काम, तासाला 1,300 रुपये, पन्नास हजार रोख आगाऊ. अट एवढीच की काम शनिवार-रविवारी आणि संध्याकाळनंतर करायचं.

आमचा हिशेब वहीत लिहिलेला होता. साध्या कामाचा दर तासाला 1,100. त्यातून डिझेलचे सव्वातीनशे, ऑपरेटरचे दोनशे, दुरुस्तीसाठी बाजूला दोनशे. हातात उरतात पावणेचारशेच्या आसपास. महिन्याला साठ तास धरले तर बावीस हजार, आणि पावसाळ्याचे चार महिने यंत्र झाकून. म्हणजे घातलेले पैसे निघायला सहा वर्षं. आणि इथे एका झटक्यात लाखाच्या वर मिळत होते. मामेभावाचे डोळे चमकले यात त्याची काय चूक?

मी विचारलं, "परवानगी आहे?" गोव्याच्या 1974 च्या नगर व ग्रामनियोजन कायद्यात 17-अ असं कलम आहे. उताराची जमीन कापायची किंवा सखल जमीन भरायची तर मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी लागते. शनिवार-रविवारची अट ऐकूनच मला शंका आली होती. पाहुणे म्हणाले, "कागद होतायत. तुमी मास्तर मरे, तुमका कित्याक ही चिंता?"

ते गेल्यावर घरात वाद झाला. मामेभाऊ म्हणाला, "दादा, आपण नाही म्हटलं तर उद्या दुसरं यंत्र येईल. डोंगर जायचा तो जाणारच. मग पैसे दुसऱ्यानं का घ्यावेत?" या प्रश्नाला माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं, खरं सांगायचं तर आजही नाही. मी कायद्याचं बोललो, यंत्र जप्त झालं तर काय, हे बोललो. तो म्हणाला, "तू बेळगावात राहतोस. इथे कायदा कसा चालतो ते आम्हाला विचार." बोलणं वाढत गेलं. "तुझे निम्मे पैसे मी तुला परत करीन," इथपर्यंत आलं. चाळीस वर्षांचं नातं आणि एका दिवसाचं यंत्र! सौ. उठून स्वयंपाकघरात गेली.

मामी इतका वेळ चुलीपाशी होत्या. वय ऐंशीच्या घरात. त्यांनी बाहेर येऊन मुलाला एवढंच विचारलं, "आमची झर खंयच्यान येता रे? त्याच दोंगरांतल्यान न्हय?"

जांभ्या दगडाचा सडा म्हणजे निसर्गानं ठेवलेला स्पंज. पावसाचं पाणी त्यात मुरतं, महिनोन् महिने झिरपत राहतं आणि पायथ्याशी झर होऊन बाहेर पडतं. वरचा उतार कापला, झाडोरा काढला की तेच पाणी मुरायचं सोडून माती घेऊन धावतं. पुस्तकातली ही गोष्ट मला पाठ होती. मामींना ती पुस्तकाशिवाय माहीत होती, कारण त्या झरीचं पाणी त्यांनी साठ वर्षं भरलं होतं.

मामेभावाला ते पटलं, असं मी म्हणणार नाही. तो उठून बागेत गेला, अंधार पडल्यावर परत आला आणि म्हणाला, "लिही तुझ्या वहीत काय लिहायचं ते." आम्ही तीन ओळी लिहिल्या. परवानगीचा कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय डोंगर कापायचा नाही. नदीच्या पात्रात यंत्र घालायचं नाही. दिवस मावळल्यावर कुणाचंही काम करायचं नाही. खाली दोघांच्या सह्या. सौ.नं साक्षीदार म्हणून कानडीत सही केली.

त्यानंतर

पुढच्या जुलैत, 16 तारखेला, कारवार जिल्ह्यात अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गालगतचा डोंगर गंगावळी नदीत कोसळला आणि माणसं गेली. बेळगावात घराघरांत तेव्हा टीव्हीवर तेच चालू होतं. त्या रात्री मामेभावाचा फोन आला. शिरूरबद्दल तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "इकडे पाऊस खूप आहे. झरीला पाणी भरपूर आहे."

पण आमचं काहीतरी बरोबर ठरलं, अशी कथा मला रंगवायची नाही. वरचा उतार कापला गेला. आम्ही नाही म्हटल्यानंतर महिन्याभरात दुसरं यंत्र आलं, अगदी तो म्हणाला होता तसंच. कागद नंतर झाले की नाहीत हे आम्हाला कुणी दाखवलं नाही. आज तिथे दोन बंगले उभे आहेत. आमचे लाखभर रुपये मात्र गेले, आणि मामेभाऊ अधूनमधून त्याची आठवण करून देतो. आता निदान हसून देतो.

आमची कामं झाली. कुळागराचे पाट मोकळे झाले. पोफळीच्या बुंध्यापासून दोन-तीन हात दूर राहून, मुळं न तोडता चर मारायचं कसब लागतं. ते करायला डिचोलीत भेटलेला तोच रामदुर्गचा पोरगा आला. सौ.नं त्याचा नंबर त्याच दिवशी घेऊन ठेवला होता. मामी त्याला पहिल्या दिवशी ओसरीवर चहा द्यायच्या, आता तो आत पाटावर बसून जेवतो. खतखतं त्याला आवडतं, उकड्या तांदळाची पेज अजून जमलेली नाही. जानेवारीत यंत्र टेम्पोवर चढून चोर्ल्यानं वर आलं, आमच्या विहिरीतला गाळ निघाला, बांध बांधले गेले. गाळ निघाला त्या दिवशी मी काठावर उभा होतो. वडिलांच्या हातची, चिऱ्यांनी बांधलेली खालची पायरी पंधरा वर्षांनी दिसली.

भाड्याचे तास महिन्याला साठ कधीच झाले नाहीत, सरासरी पन्नासच्या आत-बाहेर राहिले. पैसे सहाऐवजी सात-आठ वर्षांत निघतील. मुलीच्या फीसाठी ठेव पूर्ण व्हायची नाही, थोडं कर्ज काढावं लागेल. हे तिला सांगितलं आहे. ती म्हणाली, "बाबा, यंत्राचा घसारा किती धरलात?" शिकवलेलं अंगावर येतं ते असं!

जाता जाता एक सांगतो. पावसाळ्यानंतर यंत्राला गावात सगळ्यात जास्त कोणतं काम मिळतं माहीत आहे? वरून वाहून आलेली लाल माती लोकांच्या पाटांतून, भातशेतांतून उपसायचं. गेल्या दसऱ्याला आयुधपूजेसाठी आम्ही पेडण्याला गेलो होतो. सौ. यंत्राला झेंडूची माळ बांधायला निघाली, तर यंत्र जागेवर नव्हतं. शेजाऱ्याच्या पाटात माती भरली होती म्हणून सणाच्या दिवशीसुद्धा पोरगा सकाळीच तिकडे गेला होता. दुपारी यंत्र परत आलं, बकेट लाल चिखलानं माखलेलं. मामेभावानं पाइप लावून ते धुतलं, मग माळ बांधली, नारळ फोडला. त्या चार तासांचे पैसे त्यानं शेजाऱ्याकडून घेतले नाहीत. मी वहीत तास लिहिले आणि रकमेच्या रकान्यात रेघ मारली.